चिमटा लावलेली बारा झाडं

गल्लीच्या टोकाला रेडिओवाल्यांचं दुकान होतं. रेडिओ घेऊन कुणी येईनासं होऊनही जमाना झाला होता, पण पाटी तीच राहिली, कारण ती उतरवायची तर शिडी आणावी लागली असती. हल्ली ते रिमोट, मिक्सर, एखाद्या आजोबांचं कानात घालायचं यंत्र, असलं काहीबाही दुरुस्त करत. पासष्टी जवळ आली होती, बायको जाऊन सात वर्षं झाली होती, आणि ज्या वस्तूला दोन तारा जोडता येतात तिच्याशी त्यांचं उत्तम जमे. बाकीच्यांशी जेमतेम.

या बाकीच्यांत त्यांची धाकटी बहीणही येई. ती नऊ वर्षांनी लहान. दादाची वस्तू आपल्या हातून बिघडता कामा नये, हे तिला लहानपणीच कळलं होतं. एकदा तिने त्यांचा पेचकस हरवला तेव्हा ते चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते, आणि त्या चार दिवसांची आठवण तिला पन्नाशी उलटल्यावरही होती. त्यांना नव्हती.

पंचवीस वर्षं कारखान्यात शर्टांना कॉलर जोडल्यावर बहिणीने शहराबाहेर, बस जिथून वळून परत फिरते तिथे, एक जुनं काचघर भाड्याने घेतलं. आठ ओळी, चारशे रोपं, सगळी ढोबळी मिरचीची. जागेची मालकीण दातांची डॉक्टर होती. ‘यंदाचं पीक नीट आलं तर पाच वर्षं तुम्हीच ठेवा,’ ती म्हणाली, ‘नाही आलं तर मी काचा उतरवून तिथे गाड्या उभ्या करायची सोय करणार आहे.’ हे तिने अगदी गोड आवाजात सांगितलं. ‘थोडंसं दुखेल हं’ म्हणायची सवय असल्यामुळे असेल.

बहिणीने ही गोष्ट दादाच्या कानावर घातली ती नुसती बोलायची म्हणून. पण रेडिओवाल्यांना कुणी नुसतं बोललेलं कळत नसे. त्यांनी पुस्तकं आणली, आठ रात्री वाचली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याला डाख लावून तारा जोडायला बसले.

चिमट्याच्या एका जबड्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा बारीक दिवा, दुसऱ्यात तो उजेड मोजणारा डोळा. मध्ये पान. पान पाण्याने भरलेलं असलं की उजेड अडतो, सुकायला लागलं की जास्त आरपार जातो. त्यावरून शंभरपैकी एक आकडा निघे. सत्तरच्या वर असला की झाड मजेत, साठच्या खाली गेला की तहानलेलं. बाजारातल्या यंत्राच्या किमतीत असे दोनशे चिमटे झाले असते. पण त्यांना खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा होता.

‘छिद्र नाही, सुई नाही, पान तोडायला नको,’ ते गिऱ्हाइकांना मिक्सर परत देतादेता सांगत. ‘झाडाला पत्ताही लागत नाही की आपण त्याला तपासतोय.’

बहिणीला मात्र पत्ता लागत होता.

आठ ओळींत मिळून बारा चिमटे लावले. जागा बदलायची नाही अशी सक्त ताकीद दिली, कारण जागा बदलली की कालच्या आकड्याशी आजचा ताडून बघता येत नाही. रोज सकाळी आठला ते दुकानातून फोन करत आणि ती चिमट्यांच्या तारा जोडलेल्या, दाराजवळच्या डबीवरचे बारा आकडे वाचून दाखवी. पहिल्याच आठवड्यात पाच नंबरच्या चिमट्याने अठ्ठावन्न दाखवले.

‘पाणी दिलं नाहीस?’

‘दिलं की.’

‘मग अठ्ठावन्न कसे? यंत्र खोटं बोलतंय का?’

‘तसं नाही रे दादा. ठिबकच्या नळीत काही अडकलं असेल. बघते.’

‘बघते काय? रोज बघायचं असतं. एवढं सगळं मी कुणासाठी करून दिलंय?’

त्यानंतर आकडा कधी घसरला नाही. एकाहत्तर, त्र्याहत्तर, बहात्तर. रेडिओवाल्यांनी वहीत रेघ काढली तर ती फळीसारखी सरळ आली. एवढी सरळ रेघ विजेच्या तारेतूनसुद्धा येत नाही, हे आयुष्यभर तारांत बोटं घातलेल्या माणसाला खरं तर खटकायला हवं होतं. त्यांना ते कौतुकाचं वाटलं. काचघरात जायची गरज उरली नाही. गुडघेही दुखत होते, आणि आकडे होतेच.

मधे एकदा आकडे वाचून झाल्यावर बहीण घुटमळली.

‘दादा, मागच्या ओळी जरा मान टाकतात रे दुपारच्या.’

‘दुपारी सगळेच मान टाकतात. मी पण टाकतो. अकरा आणि बारा नंबर किती म्हणालीस?’

‘बहात्तर. एकाहत्तर.’

‘मग झालं तर. आपण डोळ्यांनी बघतो ते आपल्या मनाचं असतं. यंत्राला मन नसतं.’

‘बरं,’ ती म्हणाली. ती नेहमीच बरं म्हणे, आणि ते त्यांना होकारासारखं ऐकू येई.

डॉक्टरीणबाई सकाळी साडेआठला पीक बघायला यायच्या होत्या, त्या दिवशी रेडिओवाले धुतलेला शर्ट घालून बसने निघाले. चिमटे कसे चालतात ते आपणच समजावून सांगावं असा बेत होता. तासभर आधी पोचले. बहीण आत होती, हातात तांब्या, शेजारी बादली. ती एका चिमट्याच्या झाडाच्या बुंध्याशी अगदी बेताने पाणी ओतत होती. मग मधली सगळी झाडं सोडून पुढच्या चिमट्यापाशी गेली.

बारा झाडं फोटोला उभी राहिल्यासारखी ताठ होती. त्यांच्या आजूबाजूची पानं चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती आणि मिरच्यांचे तळ काळे पडले होते. मागच्या ओळींत तर एकही फळ धड नव्हतं. रेडिओवाल्यांनी वाकून पाण्याची नळी दाबली. तिची भोकं पांढऱ्या क्षाराने बुजली होती. भांडी घासायच्या तारेने अर्ध्या दिवसात मोकळी झाली असती.

‘हे काय करतेस?’ त्यांनी विचारलं, दिसत होतं तरी.

‘तू आठला विचारतोस ना.’ तिने तांब्या मागे लपवला, जसा काही तो मघापासून दिसतच नव्हता. ‘एकदा कमी आला तेव्हा किती बोललास. म्हटलं, निदान तुझी झाडं तरी नीट राहू देत.’

‘माझी झाडं?’

‘चिमट्यांची.’

‘आणि बाकीची?’

‘बाकीची पण ठीकच असतील असं वाटलं. तूच म्हणालास, आकडे बरोबर आहेत म्हणून.’

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर रेडिओवाल्यांना बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ती खरंच तसं समजून चालली होती.

त्या वेळी त्यांना म्हणायचं होतं की चूक माझी आहे. शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथे वळून भलतेच निघाले. ‘चिमटे दर तीन दिवसांनी हलवायला हवे होते,’ ते म्हणाले. ‘म्हणजे कुठल्या झाडाची पाळी आहे ते आधी कळलं नसतं.’

‘हो ना,’ बहीण म्हणाली.

डॉक्टरीणबाई आल्या, दोन ओळी चालल्या, एक काळी मिरची उलटीपालटी करून बघितली. ‘खालपर्यंत किडलंय,’ म्हणाल्या, ‘काढावं लागेल.’ चिमट्यांविषयी त्यांनी काही विचारलं नाही. महिनाभरात काचा उतरल्या.

रेडिओवाल्यांचे चिमटे पुढे बऱ्यापैकी चालले. रोपवाटिकेवाले, गच्चीत भाज्या लावणारे, एक शाळा, सगळे घेऊन जातात. सोबत ते हाताने लिहिलेला कागद देतात. पहिल्याच ओळीत असतं: जागा दर तीन दिवसांनी बदला. पूर्वी उलटं सांगायचात, असं कुणी जुनं गिऱ्हाईक म्हणालं की ते पानाच्या शिरांबद्दल काहीतरी समजावतात. शेवटच्या ओळीत असतं: आकडा कमी आला तर झाड बघणाऱ्याला ओरडू नका. ही ओळ वाचून गिऱ्हाईक हसतं. आपण विनोद केलाय असं समजून तेही हसतात.

बहीण आता स्टेशनाजवळ रोपांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी असते. दुकान दुसऱ्याचं. रेडिओवाले महिन्यातून एकदा तिथे जातात आणि रांगेत उभे राहतात. बोलायचं ते घरून ठरवून आणलेलं असतं. त्यांचा नंबर येतो.

‘गुडघा कसा आहे?’ ती विचारते.

‘चाललंय.’ ते हाताला लागेल ते रोप पुढे सरकवतात. ‘ह्याला पाणी किती घालायचं?’

‘माती बघून.’ ती रोप कागदात गुंडाळते. ‘मागचं जगलं का रे?’

‘नाही.’

‘बरं,’ बहीण म्हणते, आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे बघते.