कूलरच्या पत्र्याची मोटार

आमच्या पुसदच्या गल्लीतले, गाड्यांचे पोचे काढणारे डेंटरचाचा डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवतात. "डोये फसवते भाऊ, हात नाही फसवत!" घरच्या गॅरेजात ते एका जुन्या, बिनटपाच्या मोटारीची बॉडी नव्यानं घडवताहेत. चाकं बसलीत, इंजिन यायचंय. भर मे महिन्यात दरवाजाला पत्रा कमी पडला, तर या माणसानं घरचा चालू कूलर बंद करून त्याचाच पत्रा कापला!

चाची घामाघूम होऊन गॅरेजात आल्या. "आता मले हवा कोन देईन?"

चाचांनी त्यांना अदबीनं मोटारीत बसवलं आणि मला हाक मारली. आम्ही दोघं ती गल्लीभर ढकलत सुटलो.

"लागून राह्यली नं हवा?" चाचांनी धापा टाकत विचारलं.

ओढणी सावरत चाची खिदळल्या, "जराक जोरानं ढकला नं!"