डलॉनेगाची पुतळी

अवधपुरीच्या त्या गल्लीत विजय टेंब्यांची ओळख ‘सोन्याच्या नाण्यांवाले साहेब’ अशी होती. नाणी मात्र होती उणीपुरी तीन, तिन्ही जुन्या अमेरिकेतली.

टेंबे कारखान्यात धातू तपासायच्या प्रयोगशाळेत होते. ऐन चाळिशीत कंपनीनं त्यांना एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत, जॉर्जियाला धाडलं. तिथला एक म्हातारा फोरमन एका रविवारी त्यांना डोंगरातल्या डलॉनेगा नावाच्या गावी घेऊन गेला. त्या डोंगरांत कधीकाळी सोनं सापडलं होतं. ते लांब वाहून नेण्यापेक्षा जागीच नाणी पाडावीत म्हणून सरकारनं तिथं टांकसाळ उघडली. पुढे यादवी युद्ध पेटलं आणि ती बंद पडली ती कायमची. तिथल्या नाण्याची खूण म्हणजे गरुडाच्या पायाखालचा मोहरीएवढा ‘डी’.

टेंब्यांना भुरळ पडली ती सोन्याची नव्हे. तिथल्या दुकानात हाती आलेल्या नाण्याचा छाप कुठे पुसट होता, तर साच्याला गेलेला तडा कुठे रेघ होऊन उमटला होता. आडगावात, कुरकुरणाऱ्या यंत्रांवर काम रेटणारी माणसं त्यांना त्यात दिसली. आपलीच माणसं वाटली ती. ते नाणं त्यांनी तिथंच घेतलं. पुढे अमेरिकेतल्या भाच्याकरवी शार्लटच्या टांकसाळीचं एक मिळवलं, न्यू ऑर्लिन्सचं एक. संध्याकाळी भिंग घेऊन बसायचं, एवढीच चैन.

मग बायको गेली, नोकरी संपली, आणि आईची स्मृती जायला लागली.

इंदुमतीबाई आता मुलाला ‘बाळू’ म्हणत. बाळू हा त्यांचा धाकटा भाऊ, केव्हाच वारलेला. सुरुवातीला टेंबे सांगत, “आई, मी विजय.” पुढे थकले आणि ओ द्यायला लागले. दिवसा सांभाळायला पिंकी नावाची बाई येई. रात्र टेंब्यांची असे. आई उठून दाराची कडी काढायची आणि हे मागे धावायचे. भिंग कपाटात पडून राहिलं.

यंदाच्या थंडीत इंदूरहून वरुण सप्रेचा फोन आला. हा तरुण प्राध्यापक नाण्यांच्या नादामुळे ओळखीचा झालेला. “काका, रविवारी येतो. डलॉनेगा एकदा हातात घेऊन बघायचंय.” शनिवारी टेंब्यांनी नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि आईची औषधं आणायला गेले. रांग मोठी होती. परतले तर आई आरशासमोर बसलेली. गळ्यात तिची नेहमीची मुलाम्याची पुतळ्यांची माळ आणि माळेच्या मधोमध ते नाणं.

“निखळलेली पुतळी सापडली रे, बाळू,” आई म्हणाली. “कडी लावून घेतली.”

पिंकीचा चेहरा उतरला. “अम्माजी बोलीं, माला से गिरी है, सुनार के यहाँ से जुड़वा ला. मैंने सोचा, उन्हीं की होगी. नुक्कड़ पर ही तो है.”

टेंब्यांनी माळ हातात घेतली. कडी नाण्यावरच्या स्त्रीच्या डोक्यावर बरोबर बसवली होती. पण त्या नाण्याची मागची बाजू उलटी असते. वरची कड ती मागची खालची. तिथं कडी जोडायला लावलेला डाक वितळून पसरला होता. ‘डी’ त्याखाली गेला होता.

ते तसेच सोनाराकडे गेले. सोनार भला माणूस. म्हणाला, “निकाल देता हूँ साहब, पर दाग रह जाएगा.” टेंब्यांना हे सांगायची गरज नव्हती. तापलेला धातू पहिल्यासारखा होत नाही, हेच तर ते जन्मभर कागदावर लिहीत आले होते. “रहने दो,” म्हणून ते परत फिरले.

घरी पिंकी दारातच उभी होती. “काम छूटेगा क्या, साहब?”

“नहीं. अम्मा को खाना दे दो.”

त्यांना राग यायला हवा होता. तो यायचीही ताकद उरली नव्हती. आईच्या शेजारी बसले तर ती म्हणाली, “नीट दिसते ना रे?”

“दिसते.”

रविवारी वरुण आला, इंदुमतीबाईंना नमस्कार करायला वाकला आणि थबकला. माळेतलं ते नाणं त्यानं जवळून बघितलं. शेवटी हलकेच म्हणाला, “काका, हे... आता संग्रहात कुणी घेणार नाही.”

“ठाऊक आहे. बस, चहा घे.”

चहा पिऊन झाल्यावर टेंब्यांनी उरलेली दोन नाणी आणून त्याच्यापुढे ठेवली. “ही तू घेऊन जा.”

“अहो, असं रागाच्या भरात नको.”

“रागावलो असतो तर ठेवून घेतली असती. मला आता एकच गोष्ट राखायला जमतेय, वरुण. दोन-दोन नाही जमत.”

वरुणनं खूप आढेवेढे घेतले, पण शेवटी रुमालात गुंडाळून नेली. गाडी वळणापलीकडे गेली तरी टेंबे फाटकाशी उभे होते. वाईट वाटेल म्हणून वाट बघत होते, पण नुसतीच झोप येत होती. आत पिंकी आईची वेणी घालत होती. “एक घंटा सो जाओ, साहब, मैं हूँ,” ती म्हणाली. टेंबे खोलीत गेले, चष्मा काढला आणि कितीतरी महिन्यांनी दुपारचे गाढ झोपले.