दाऊदचाचांचे राहिलेले रोजे

आज राखेचा बुधवार. सकाळी मिस्सा झाली, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आले. दिवसभराचा उपास, पोटात कावळे, म्हणून दुपारी जरा आडवी होते. झोपायचं नाहीच, नुसते डोळे मिटायचे, असं ठरवून. पंखा घरघरतोय. त्या घरघरीतून मागच्या दाराची कडी वाजते, अगदी हळू, आणि तेवढ्यावरून मला कळतं की मी जागी नाही. कारण आमच्या मागच्या दाराची कडी अशी चोरून वाजवणारा माणूस गेल्या पावसाळ्यात वारला.

"जसू, उघड."

दाऊदचाचाच. आमचे शेजारी, मधे फक्त अळूचा वाफा. इस्त्रीचा कुर्ता, डोक्यावर जाळीची टोपी, आणि मान खाली. ही मान मला बघवत नाही. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना माना खाली घालायला लावल्या. मशिदीत पहिल्या रांगेत हेच, रमजानात कोणी रोजा सोडला की त्याची हजेरी घेणारेही हेच. त्यांची सून तस्लीम एका रमजानात, पाच महिन्यांची पोटुशी असताना, उन्हाने घेरी आली म्हणून घोटभर पाणी प्यायली, तर इफ्तारीला जमलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमच्या घरात हल्ली दिवसाढवळ्या पंगती बसतात." पोरगी रडत आत गेली होती. मी तेव्हा तिथेच बसले होते.

"चहा टाकू?" मी विचारते, आणि जीभ चावते. नेमकं तेच विचारायचं नसतं.

कारण त्यांच्या शेवटच्या रमजानात हेच चाललं होतं. साखर एकदम उतरायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. रोजे ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं, ते त्यांनी घरी कोणाला सांगितलं नाही. भर दुपारी गल्ली झोपली की मागच्या दाराने माझ्याकडे यायचे. मी चहा-पाव द्यायची. माझाही तेव्हा उपवासकाळ सुरू होता आणि ईस्टरपर्यंत मी चहा सोडला होता. पण म्हातारा माणूस समोर एकटा, चोरासारखा खातोय, ते कसंसंच व्हायचं. सोबत म्हणून मीही कप ओतून घ्यायची. एका टेबलावर दोन धर्मांचे उपास मोडत होते.

मी पातेलं ठेवून वळते तर चाचा चर्चमध्ये आहेत. पापांची कबुली द्यायच्या खोक्यात, फादरच्या जागी. मधली जाळी मात्र माझ्या दुधाच्या कपाटाची आहे, तिला सायीचा वास येतोय. मी गुडघ्यांवर.

"हे उलटं झालं हो," मी म्हणते. "गुडघ्यांवर तुम्ही हवेत."

"माझे गुडघे आता कुठले? तू सांग. चहाचं सांगितलंस का तुझ्या फादरला?"

"सांगितलं की."

"काय म्हणाले?"

"हसले. तीन वेळा 'आमच्या बापा' म्हणायला सांगितलं."

"आणि झालीस मोकळी?"

"झाले."

"माझं नाव घेतलंस?"

"छे! तुमचं नाव मी कशाला घेऊ?"

"मला असं खोकं नव्हतं गं," ते म्हणतात. "आमच्यात मधे कोणी नसतं. जे काही ते थेट वर."

"मग वर नाही सांगितलंत?"

"रडून सांगितलं."

मी जाळीवर हात ठेवते, तर हाताला पाणी लागतं. आम्ही मशिदीच्या हौदावर बसलोय. चाचा पाय धुताहेत. धुतलेला पाय बाजूला ठेवतात, उचलतात, पुन्हा धुतात. मागे त्यांचाच जनाजा ठेवलाय, आणि पेशइमाम लोकांना सांगताहेत, की मरहूमांनी उभ्या आयुष्यात एक रोजा सोडला नाही. हे ते खरंच बोलले होते, गल्लीभर कौतुक झालं होतं. आता मात्र जनाज्यातला हात हलतो, वर येतो आणि तोंडावरची चादर आणखी वर ओढून घेतो.

"ऐकलंस?" माझ्या शेजारचे चाचा म्हणतात. "मेल्यावर लाज सुटेल म्हटलं होतं. सुटत नाही."

मला त्यांच्याकडे बघवत नाही, कारण मलाही लाज वाटतेय. मी सोबतीला चहा प्यायले हे खरं, पण पूर्ण खरं नाही. एवढा करडा माणूस माझ्या स्वयंपाकघरात खाली मान घालून पाव बुडवतोय, याची मला आतून मजा वाटायची. अगदी गोड वाटायचं. तेवढं मी फादरनाही सांगितलेलं नाही.

"मला मजा वाटायची, चाचा," मी बोलून टाकते.

"ठाऊक होतं. म्हणून तर मान वर करत नव्हतो."

"पण तुम्हाला सवलत होती ना? आजाऱ्याने रोज्याऐवजी एका गरिबाला जेवू घातलं की झालं. तस्लीमनेच सांगितलंय मला."

"मी पोरांना हेच शिकवायचो. आजाऱ्याला सवलत आहे. पोटुशीलाही आहे." ते पायावर पाणी ओततात. "ती मी तिला दिली नाही जसू. मग स्वतःसाठी कुठल्या तोंडाने मागू?"

हौदाच्या कडेला अळू उगवलाय. बांग होते आहे की आमच्या चर्चची घंटा, नीट कळत नाही.

"रोज्यांचं अल्ला बघेल," ते म्हणतात. "पण माणसाचं मन दुखवलं असेल तर ते माफ करणं अल्लाने त्या माणसाच्याच हातात ठेवलंय. तू तिला सांग."

"मुनाफला सांगते ना, तुमच्या मुलाला. तो..."

"त्याला नको. तिला."

"मग तुम्हीच जा. दोन पावलांवर तर घर आहे."

"रोज जातो. दारापर्यंत जातो." ते उठतात. "पुढे पाय उचलत नाही."

मला जाग येते. वीज गेलीय, पंखा थांबलाय, मागचं दार सताड उघडं आहे. ओट्यावर अनवाणी पावलांचे ओले ठसे. मोठी, पुरुषाची पावलं. आमच्या पायरीवरून उतरून, वाफ्याकडेच्या फरशीवरून ती पलीकडे गेली आहेत आणि तस्लीमच्या मागच्या उंबऱ्यासमोर, बोटं दाराकडे करून थांबली आहेत. परत आलेली नाहीत. घरात मी एकटी.

मी त्या ठशांच्या बाजूने चालत जाते. तस्लीम दारातच सूप घेऊन तांदूळ निवडत बसली आहे. आज चंद्र दिसला की उद्यापासून रमजान.

"जसूमावशी, झोपला होतात का? गालावर उशी उमटलीय."

मी उभ्यानेच सांगून टाकते. चाचा गेल्या रमजानात दुपारी माझ्याकडे खायचे, डॉक्टरांचं त्यांनी लपवलं होतं, आणि तुला पाण्यावरून बोलले ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. तुझी माफी त्यांना हवी होती, मागायचा धीर झाला नाही. स्वप्नाचं बोलत नाही. माझे कान तापलेले आहेत.

तिचा हात सुपात थांबतो. ती रडेल असं मला वाटतं, किंवा मला चार शब्द सुनावेल. सुनावले तर बरं, असंही वाटतं.

"किती रोजे?" ती विचारते.

"मोजले नाहीत गं."

"मग पूर्ण महिना धरू. रोज एका माणसाचं जास्त शिजवते."

"मुनाफ विचारेल, कशासाठी म्हणून. सगळे विचारतील."

"सांगेन, माझे राहिलेत. पोटुशी होते तेव्हाचे."

"अगं, पुन्हा तूच ऐकून घेणार?"

"माझं ऐकून झालंय, मावशी. अब्बांना कधी कोणी बोललं नाही. त्यांना नाही सोसायचं." आणि ती डबा पुढे ओढते, वाटीभर तांदूळ आणखी सुपात ओतते आणि निवडायला लागते.