आधीचं भांडण

माझ्या शेजारच्या डेस्कवर एक वयस्क इराणी सहकारी बसतात. काम सुरू होण्याआधीच ते हटकून वाद घालतात: कोण काय करणार, उशीर झाला तर कुणी निस्तरायचं. एकदा मी वैतागले, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडची म्हण ऐकवली. शेवटच्या तहापेक्षा पहिलं भांडण बरं. मूळ फारसीतले जंग, अव्वल, आखेर हे शब्द ऐकून ती मला आपलीच वाटली.

आमच्या घरात उलटी रीत. शांतता म्हणजे तोंडाला कुलूप, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे त्या म्हणीनं मला भलताच जोर चढला. आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आम्हा दोघी बहिणींकडे परदेशात आली आणि ती कुणाकडे किती दिवस राहणार, हे शहराच्या दुसऱ्या टोकाला, डून लेरीला राहणाऱ्या माझ्या ताईनं मला न विचारता ठरवून टाकलं. मी फोन करून तिला लहानपणापासूनचं सगळं ऐकवलं. माझ्या मते मी सलोख्याचा पाया घालत होते. ताईनं फोन ठेवला तो ठेवलाच. आई तिच्याकडे, मी माझ्या घरी ॲडम्सटाउनला, आणि मध्ये दोन महिन्यांचा अबोला.

आईचं विमान आठवड्यावर आलं, तेव्हा ती मला फोनवर म्हणाली, "तुम्हा दोघींना एका टेबलाशी जेवताना बघून जाऊ दे मला."

मी त्या इराणी सहकाऱ्यांवरच चिडले. तुमच्या म्हणीनं माझं घर मोडलं, असं मी त्यांना म्हणाले. ते हसले नाहीत. ते भांडण पेरणीआधीचं असतं, तू उभ्या पिकाला काडी लावलीस, असं ते म्हणाले. भांडण होऊन गेल्यावर समेटासाठी त्यांच्याकडे वेगळी रीत आहे, आश्तीकोनान. वडीलधारं माणूस रुसलेल्या दोघांना जेवायला बोलावतं आणि चूक कोणाची हा विषयच काढत नाही. त्या बोलावण्याला नाही म्हणायचं नसतं.

"आईनं बोलावलंय ना?" त्यांनी विचारलं. "मग जा."

मला लाज वाटली. शांतता राखायची असते एवढंच मला ठाऊक होतं. ती उठून करायलाही लागते, हे नव्हतं.

रविवारी गेले. डार्टच्या लोकल गाडीत माफीची तीन वाक्यं पाठ केली. ताईनं दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता पानं वाढली. तिघी जेवायला बसलो. पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही," मी म्हणाले.

"मीही नाही," ताई म्हणाली आणि तिनं माझ्या भातावर तूप वाढलं.

मला रडू आलं. आईनं आणखी भात मागितला. ताईचा हात पातेल्यावरच थांबला. दोन महिन्यांत आईनं एकदाही दुसऱ्यांदा भात घेतला नव्हता, हे तिनं मला नंतर सांगितलं.