मुंग्या गेल्या त्या दिवसाचा शिरा

आमच्या घरात मुंग्या दोनच ठिकाणी येत: साखरेच्या डब्याला आणि ह्यांच्या पायांना.

आम्ही तेव्हा पिंपरीत नवे. हे औषधांच्या कारखान्यात लागलेले, दिवसभर उभ्यानं काम. उभं राहून मुंग्या येणारच, असं ह्यांचं मत. (ह्यांची मतं ठाम असत, पाय नसत.) शेवटी एकदा चिंचवडच्या डॉक्टरांकडे गेलो.

"लघवीला मुंग्या लागतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, पायालाच येतात," हे म्हणाले.

"त्या नव्हे हो, खऱ्याखुऱ्या. लघवीत साखर असली की लागतात. बघून सांगा."

दुसऱ्या दिवशी परसात कण्हेरीखाली आमचा पहारा. मुंग्यांची रांग लागली. "ह्या इथल्याच आहेत," म्हणून ह्यांनी जागा बदलली. तिथंही लागली. तिसऱ्या जागी मी वाकून बघत होते, तेवढ्यात शेजारच्या हौसाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय हरवलं व्हय?"

"नाही हो, मुंग्या बघतेय."

"आन् घरात न्हाईत व्हय?"

डॉक्टरांनी साखर बंद केली. हे बिनसाखरेचा चहा असं तोंड करून पीत, की माझाच घोट अडकायचा.

मग एका सकाळी हे म्हणाले, "अगं, मुंग्या गेल्या. अजिबात येत नाहीत."

मला इतका आनंद झाला, की डॉक्टरांना विचारायचंही सुचलं नाही. शिराच करायला घेतला, साखर सढळ हातानं. हे शेगडीशी पाटावर बसले. करपल्याचा वास आला.

"लागतोय बघ," हे म्हणाले.

मी भराभरा ढवळलं. वास वाढला. आणखी तूप सोडलं. शिरा तर पांढराशुभ्र! खाली बघितलं, तर शेगडीतून पडलेला निखारा ह्यांच्या टाचेखाली, आणि हे वाटी पुढे करून बसलेले.

"मुंग्या गेल्या नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाले. "पायाची जाणीव गेलीय."

जखम भरली नाही. पुण्याला नेलं, पाय काढला, तरी हे हाती लागले नाहीत. ती पुढे केलेली वाटी आठवली की मला अजून रडू येतं.

आजही शिरा करताना करपल्याचा वास आला, की मी आधी खाली बघते. पाटाशी, शेगडीशी, सगळीकडे. तोवर वर शिरा खरोखरच लागतो. सून म्हणते, "आई, एवढ्या वर्षांत तुम्हाला साधा शिरा काही जमला नाही."