स्तामेन्काच्या येरझाऱ्या आणि नणंदेचा गहू

गावभर कुजबुज होती, की स्तामेन्काने दवाखान्यातून नणंदेवर मंत्र टाकला. म्हणे, पोटाला टाके असताना ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची, तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटायची. म्हणून ऐन निकोला संताच्या सणाला पेर्सिदाची वाचा बसली.

त्या सणाला दारात उभी राहून पाहुण्यांना उकडलेल्या गोड गव्हाचा पहिला चमचा देते, ती घरची मालकीण. गेल्या वर्षी पेर्सिदाने चारचौघांत वहिनीचा गहू चाखून म्हटलं होतं, "कोंबड्यांना आवडेल." स्तामेन्काने ते गिळलं, पचवलं मात्र नाही. यंदा सण तोंडावर आला आणि तिच्या आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन झालं. घराच्या किल्ल्या पेर्सिदाने उचलल्या.

भेटायला आली ती लोकरीचा रुमाल घेऊनच. "हलू नकोस गं वहिनी. बाहेर खिडक्या उघड्या आहेत, झुळूक लागली की कंबर धरलीच समज. पडून राहा. दारात मी आहेच की."

"फार उपकार, वन्सं."

झुळुकीला इथे लोक लांडग्यापेक्षा जास्त भितात, स्तामेन्काही भ्यायची. पण डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, "आतडी झोपलीत, आजी. पाद आला, खाल्लेलं टिकलं, की घरी."

"उठवायची कशी त्यांना?"

"चाला. च्युइंगम चघळा, आतड्यांना वाटतं जेवण आलं. कॉफी चालेल. तुम्ही पडून राहिलात तर तीही पडून राहतील."

नणंदेची पाठ वळताच रुमाल शेजारच्या खाटेवर गेला. टाक्यांवर उशी दाबून, नर्स ल्युबिंकाचा हात धरून बाई निघाली. उघड्या खिडकीशी तर मुद्दाम रेंगाळायची.

"दुखतंय का?" ल्युबिंकाने विचारलं.

"दुखतंय. तिला जास्त दुखेल."

शेवटी एका दुपारी, त्याच खिडकीशी, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आला. बायका हसून हसून पोट धरायला लागल्या. स्तामेन्का हसली नाही. "डॉक्टरांना कळव," ती म्हणाली, "आणि कपाटातून माझा कोट काढून ठेव."

सूप टिकलं, पाव टिकला, सुट्टी मिळाली. सणाच्या सकाळी पेर्सिदा नवा झगा घालून दारात ताट घेऊन उभी, समोर पाहुण्यांची रांग. लेकाच्या गाडीतून उतरून स्तामेन्का सावकाश पायऱ्या चढली आणि तिने ताट काढून घेतलं.

"दमलात, वन्सं. पाहुण्यांनी उंबऱ्याबाहेर थांबायचं असतं."

मग पहिला चमचा, शिगोशीग, सगळ्यांदेखत तिलाच भरवला. "घ्या. तुमच्याच हातचा आहे. कोंबड्यांना आवडेल."

मंत्रबिंत्र काही नव्हता. स्तामेन्का दवाखान्यात च्युइंगम चघळत होती, आणि सणाला पेर्सिदाच्या तोंडात गहू होता.