हलके काम द्यावे

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये हजेरी आणि रजा माझ्याकडे होती. आजारपणातून परतलेल्या माणसाने आधी डॉक्टरची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवायची, मी तारीख, शिक्का, सही पाहायची आणि मगच त्याला आत सोडायचं. चिठ्ठी आणणारा प्रत्येक जण लबाड, असं माझं पक्कं मत होतं. कावीळ झालेल्याचेही डोळे मी खिडकीच्या उजेडात नेऊन पाहायचो.

मिस्त्री बाळापूरहून यायचा. तुरीची साल काढणारे जड रोल त्याच्याइतके नीट कुणालाच बसवता येत नसत. पोरं त्याला चाचा म्हणायची. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सुट्टी मागायला तो थेट मालकाकडे गेला, माझ्या टेबलाला वळसा घालून. मालकाने ऐन हंगामात ती दिलीही. मला ते चांगलंच झोंबलं.

महिन्याभराने तो परतला, तेव्हा मालक मुलीच्या लग्नात गुंतला होता. बाळापूरच्या डॉक्टरने मराठीत लिहिलं होतं : 'कामावर येण्यास हरकत नाही. दोन महिने हलके काम द्यावे.' मी ते दोनदा वाचलं.

"मिस्त्री, उद्यापासून अंगन झाडा अन् संडास धुवा," मी म्हणालो.

त्याला थट्टा वाटली, तो हसला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "साहेब, हलकं म्हंजे वजनानं हलकं. डाक्टरले तसं म्हनाचं हाये."

"मंग झाडू का मनभर वजनाचा राह्यते?"

शेजारचा कारकून फिसकन हसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटलं.

ज्या पोरांना त्याने रोल बसवायला शिकवलं होतं, त्यांच्यासमोर तो झाडू घेऊन वाकू लागला. पहिल्याच दिवशी एकाने त्याच्या हातून झाडू घेतला. मी त्या पोराची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लावली, मग पुन्हा कुणी पुढे आलं नाही. मिस्त्री मालकाच्या घरी जाऊन रडगाणं गाईल असं मला वाटलं होतं. तो गेला नाही.

बाराव्या दिवशी त्याने दुसरी चिठ्ठी आणली. डॉक्टर वेगळा, शिक्का कोरा करकरीत. 'सर्व प्रकारचे काम करण्यास योग्य.' दोन महिने बारा दिवसांत कसे संपले, हे विचारणं माझं कामच होतं. तो एक हात पोटाखाली धरून उभा होता, तेही मला दिसत होतं.

"मले मशीनवर जाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "पोट्टे पाहून रायले माह्याकडे."

तारीख बरोबर होती, सही होती. मी त्याला आत सोडलं.

चौथ्या दिवशी रोल उतरवताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. दुसरं ऑपरेशन झालं, आतडं कापावं लागलं. त्याचं मिलमधलं काम संपलं.

मालकाने मला त्याच्या घरी पाठवलं. आपण होऊन मी गेलो नसतो. मिस्त्री पलंगावर होता, गालफडं बसलेली. त्याची बायको आता माझे वाभाडे काढणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं : चिठ्ठीत योग्य लिहिलं होतं, मी काय करणार? तिने मला खुर्ची पुसून दिली.

"तुमचे लय उपकार हायेत साहेब," ती नवऱ्याकडे हात करत म्हणाली. "याईनं सांगतलं मले. तुमी याईले हापिसात बसवलं, लिखापढीचं काम देल्लं. पन हे आयकते कोनाचं? सोताच गेले मशीनवर. तुमचं आयकलं असतं त असे पडून रायले असते का?"

मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. तो घाबरला होता. मी खरं सांगून टाकीन, म्हणून घाबरला होता.

"आमी लय समजावलं त्याईले," मी म्हणालो.

बाईला जोरच आला. माझ्यादेखत ती त्याला बोलत राहिली, घराची धूळधाण केली म्हणाली.

"चुकलं माहं," शेवटी तो म्हणाला.

मी मान डोलावली.